हातातलं कसब, हातातला कागद



जून महिना लागला की बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी वाढते. बियाणं, खत, घराचं छप्पर, शेळ्या ही नेहमीची कारणं. अलीकडे त्यात एक नवं कारण ऐकू येतं. बारावी सायन्स झालेल्या मुलीची आई म्हणते, "पोरीला फिजिओथेरपी करायची आहे. कॉलेज बघतोय." लगेच कुणीतरी विचारतं, "म्हणजे मालिशच ना? त्याला इतकी वर्षं कॉलेज कशाला पाहिजे? माझी सासू शाळेची पायरी चढली नव्हती, पण अख्ख्या पाड्यातल्या बाळंतिणी तिच्याच हाताखाली उभ्या राहिल्या."

प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण सव्वाशे वर्षं मागे जातो, आणि तिथेही बायकाच भेटतात. आज तोच इतिहास आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. इतिहास ऐकला की कॉलेज कसं निवडायचं हेही आपोआप कळतं.

आधी शब्द समजून घेऊ. फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. व्यायाम, सांध्यांची हालचाल, हाताचा दाब, शेक आणि काही यंत्रं यांच्या मदतीने शरीराचं थांबलेलं काम पुन्हा सुरू करायचं, हा तो उपचार. लकवा झालेल्या माणसाला परत चालायला शिकवणं, प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात सोडवणं, उशिरा बसणाऱ्या बाळाला मान धरायला शिकवणं, हे सगळं त्यात येतं. मालिश हा त्यातला एक लहानसा भाग.

मालिश आपल्याला नवी नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, अंगाला तेल चोळायचं, बाळाचे हातपाय ओढून सरळ करायचे, हे आपल्या सुईणी पिढ्यान् पिढ्या करत आल्या. सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल त्यासाठी वापरतात. त्या हातांत कसब होतं यात शंका नाही. अडचण एकच होती. ते कसब कुणी तपासलेलं नव्हतं, लिहून ठेवलेलं नव्हतं. कुठला सूज आलेला गुडघा चोळायचा आणि कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही, हे एका सुईणीला माहीत असे, दुसरीला नसे. हाड मोडलेलं असताना वरून चोळलं तर पाय कायमचा वाकडा होतो, हे पुष्कळ घरांनी भोगून शिकलं आहे.

नेमकी हीच अडचण इंग्लंडमध्ये १८९४ साली उभी राहिली. लंडनच्या रुग्णालयांत काही परिचारिका रुग्णांना मालिश करत. पण मालिशच्याच नावाखाली शहरात भलतेच धंदेही चालत. त्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नल या डॉक्टरांच्या नियतकालिकाने त्यावर उघड लिहिलं. साहजिकच प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांकडेही लोक संशयाने पाहू लागले. बाईने परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, ही कुजबुज तिथेही होती.

ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनी पुढाकार घेतला आणि प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची एक संस्था काढली. यांतल्या पॅजेटबाई सुईणीचं कामही शिकलेल्या होत्या. संस्थेने कडक नियम केले. डॉक्टरने सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही. वाटेल तिथे जाहिरात करायची नाही. रुग्णाला औषधं विकायची नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परीक्षा द्यायची. शरीरात हाडं कुठे, स्नायू कुठे, नसा कुठून जातात हे ज्या बाईला सांगता येईल, तिलाच संस्थेचं प्रमाणपत्र. या परीक्षेमुळे डॉक्टर त्यांच्याकडे विश्वासाने रुग्ण पाठवू लागले. १९२० मध्ये इंग्लंडच्या राजाने संस्थेला सनद दिली, आणि त्यानंतर पुरुषही तिचे सभासद झाले. मैत्रिणींनो, एक लक्षात घ्या. हा व्यवसाय बायकांनी घडवला आणि पुरुष त्यात मागून आले.

१९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक हात-पाय जायबंदी होऊन परतले. शस्त्रक्रिया करून जीव वाचत होता, पण माणूस कामाला लागत नव्हता. त्या वेळी अमेरिकेत तरुण मुलींना खास शिकवून सैन्याच्या रुग्णालयांत नेमलं. मेरी मॅकमिलन ही इंग्लंडमध्ये शिकलेली बाई त्यात पुढे होती. १९२१ मध्ये तिथल्या या कामाच्या बायकांनी आपली संघटना बांधली आणि मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष झाली.

आता एक वेगळी गोष्ट. ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ केनी नावाची बाई रानावनातल्या वस्त्यांवर जाऊन रुग्णसेवा करत असे. तिने नर्सिंगचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. पोलिओ झालेल्या मुलांचे पाय त्या काळी फळ्यांनी आणि प्लास्टरने घट्ट बांधून ठेवत, महिनोन् महिने. केनीने उलट केलं. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या लोकरीच्या पट्ट्यांनी ती शेक द्यायची आणि मग हळूहळू पाय हलवायला शिकवायची. मुलांना गुण येत होता. तरी डॉक्टर तिला मानत नव्हते. तिशीत सुरू केलेल्या या कामासाठी तिला म्हातारपणापर्यंत भांडावं लागलं. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, आणि १९४२ मध्ये तिथल्या मिनियापोलिस शहरात तिच्या नावाची संस्था निघाली. आजाराचं तिने सांगितलेलं कारण डॉक्टरांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही, पण तिची पद्धत बरीचशी उचलली.

केनीची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. तिच्या हातात कसब होतं, कागद नव्हता. त्या कागदापायी तिची तीस वर्षं गेली. लंडनच्या चौघींनी आधी कागद उभा केला, म्हणून त्यांच्यामागून आलेल्या मुलींना तीस वर्षं भांडत बसावं लागलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. इथेही सुरुवात पोलिओपासून आणि एका आईपासून होते. मुंबईच्या फातिमा इस्माईल या स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे उपचार घेतल्यावर मुलीच्या पायांत फरक पडला. बाकीच्या आया आपल्या मुलांना घेऊन कुठे जाणार, हा विचार मग त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि पुढे हाजीअलीचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच काळात दुसरी बाई भेटते, ती कमला निंबकर. मूळची अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. मराठी माणसाशी लग्न करून ती कमला झाली आणि इथलीच होऊन राहिली. वयाची चाळिशी उलटल्यावर ती परत अमेरिकेत गेली आणि व्यवसायोपचार शिकून आली. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. जेवणं, कपडे घालणं, लिहिणं, विळी धरणं अशी रोजची कामं रुग्णाला पुन्हा करता यावीत म्हणून दिलेला उपचार. १९५० मध्ये तिने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे, ती याच बाईंच्या नावाची. पोरीच्या शिक्षणाचं वय निघून गेलं असं म्हणणाऱ्यांना आम्ही कमलाबाईंचं उदाहरण देतो.

मग १९५३ मध्ये याच के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. देशातलं या विषयाचं रीतसर शिक्षण इथूनच सुरू झालं. १९५५ मध्ये देशातल्या फिजिओथेरपिस्टांची संघटना निघाली, आणि त्याच वर्षी हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. सात-आठ वर्षांच्या आत एका शहरात एवढं सगळं घडलं.

या इतिहासातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कॉलेज निवडताना ती उपयोगी पडेल. ही शाळा वेगळ्या इमारतीत न काढता भरलेल्या रुग्णालयात का काढली? कारण हे शिक्षण पुस्तकातून पुरं होत नाही. रुग्ण समोर पाहिजे.

तुम्ही म्हणाल, पोलिओ तर गेला. खरं आहे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. घरोघर जाऊन थेंब पाजणाऱ्या अंगणवाडी ताई आणि आशा यांचं ते यश आहे. मग आता फिजिओथेरपिस्ट कशाला?

त्यासाठी आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजे अक्राणी, असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत दर १०० माणसांत सुमारे ६९ आदिवासी. आपल्या भागात सिकलसेल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं ठणकतात. कित्येकांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तरुण वयातच माणूस लंगडू लागतो. अशा माणसाला कुठला व्यायाम द्यायचा, किती द्यायचा, काठी कुठल्या हातात धरायला सांगायची, हे शिकलेलं माणूसच सांगू शकतं.

एक साधं उदाहरण घ्या. पाय मुरगळला की आपण बर्फ लावतो. पण सिकलसेलच्या रुग्णाला गारवा बाधतो, थंडीने त्याचं दुखणं उसळू शकतं. त्याला बर्फ लावायचा नसतो. दोघांची सूज वरून सारखीच दिसते, उपचार मात्र वेगळा. त्या सासूबाईंच्या हातात कसब होतं, पण रक्ताचा रिपोर्ट वाचण्याची सोय त्यांच्या काळी नव्हती. मालिशला कॉलेज कशाला, याचं उत्तर इथे आहे.

सिकलसेल एकटा नाही. जन्मताना उशिरा रडलेलं बाळ पुढे वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, पाय कडक होतात. अशा बाळाला लवकर व्यायाम सुरू केले तर फरक पडतो, आणि ते व्यायाम आईला शिकवावे लागतात, कारण रोज तिलाच करून घ्यायचे असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची कंबर आहे. डोक्यावर हंडा घेऊन घाट चढणाऱ्या बायांचे गुडघे आहेत. लकवा झालेले म्हातारे आहेत, जे वर्षानुवर्षं खाटेवर पडून राहतात आणि त्यांचं सगळं सुनेला करावं लागतं.

गोळी एकदा आणली की पंधरा दिवस पुरते. फिजिओथेरपीचं तसं नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा, असं काही महिने जावं लागतं. धडगावच्या आतल्या पाड्यावरून रुग्णाला रस्त्यापर्यंत झोळीतून आणावं लागत असेल, तर तो एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणून हे काम करणारं माणूस जवळचं पाहिजे, आणि त्याला आपली भिली, पावरी, अहिराणी समजली पाहिजे. "इथे दुखतं का, की इथे ओढतं" हा फरक रुग्ण आपल्या बोलीतच सांगू शकतो. आपल्याच पाड्यातली मुलगी हे शिकून आली तर जिल्ह्याचा किती फायदा आहे, ते यावरून समजा.

कामाला जागाही आहेत. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्याच राज्यातल्या पालघरमधून. त्यात अंगणवाडी आणि शाळांतली मुलं तपासतात. ज्यांना व्यंग किंवा वाढीत अडचण आहे त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र असतं, आणि त्यात फिजिओथेरपिस्टचं पद असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात सिकलसेलही आहे. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. हेही खरं की सरकारी जागा थोड्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच कंत्राटी आहेत, आणि स्वतःचा दवाखाना टाकला तर जम बसायला काही वर्षं जातात. शिकून बाहेर पडताच मोठा पगार मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता कागदाकडे वळू. लंडनच्या चौघींनी जे काम केलं ते आपल्याकडे आता कायद्याने होतं. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे. मान्य पदवी घेतलेल्यांची नावं तिच्या नोंदवहीत लागतात. २०२१ मध्ये संसदेने सगळ्या देशासाठी कायदा केला आणि अशा आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. पदवी आणि नोंदणी, हे दोन कागद हातात असले तरच मुलगी फिजिओथेरपिस्ट.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. तालुक्याच्या गावात सहा महिन्यांत, वर्षभरात फिजिओथेरपीचं सर्टिफिकेट देतो अशा पाट्या दिसतात. आमच्या भागातल्या एका आईने गटातून कर्ज काढून मुलीला अशा एका वर्गात घातलं होतं. वर्ष गेलं, पैसे गेले, आणि नोंदणीची वेळ आली तेव्हा कळलं की त्या कागदाला कुठेच किंमत नाही. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले. त्या मुलीचं चुकलं नव्हतं. तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही आज सांगतो आहोत.

रस्ता असा आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा, आणि तिच्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे विषय. जीवशास्त्र सोडलं की हा रस्ता बंद. कला किंवा वाणिज्य शाखेतूनही तो नाही. म्हणजे खरा निर्णय बारावीनंतर होत नाही, अकरावीचा फॉर्म भरतानाच होऊन जातो. पुढे नीट परीक्षा, ती मराठीतूनही देता येते. नीट म्हणजे फक्त एमबीबीएस असं समजून थोडे गुण पडले की मुली रडत बसतात आणि घरचे स्थळ बघायला लागतात. त्याच नीटच्या गुणांवर राज्यात फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचाराचे प्रवेश होतात, आणि त्यासाठी एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत. पण नीट दिली म्हणजे काम झालं असं नाही. निकालानंतर राज्याच्या सीईटी सेलचा वेगळा अर्ज भरावा लागतो. हा अर्ज राहून गेला की वर्ष गेलं.

पदवीचं नाव बीपीटीएच. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि वर सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष काम, असा चालत आला आहे. राष्ट्रीय आयोगाचा नवा आराखडा पाच वर्षांचा आहे. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच खर्चाचा हिशेब करा.

कॉलेज निवडताना चार प्रश्न विचारा. पहिला कागदाचा. कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं, आणि इथून पदवी घेतली तर परिषदेत नोंदणी होते का? तोंडी उत्तर घेऊ नका, विद्यापीठाच्या यादीत नाव पाहा.

दुसरा प्रश्न कसबाचा. कॉलेजला स्वतःचं रुग्णालय आहे का, तिथे रोज रुग्ण येतात का? के.ई.एम.मधली शाळा रुग्णालयात का काढली ते आठवा. इमारत चकाचक आणि खाटा रिकाम्या, असं असेल तर मुलगी पुस्तक शिकेल, हात शिकणार नाहीत. सकाळी दहा वाजता न सांगता जाऊन बाह्यरुग्ण विभागात बसा. अर्ध्या तासात कळतं.

तिसरा प्रश्न राहण्याचा. मुलींचं वसतिगृह आवारात आहे का, की गावात खोली घ्यावी लागेल? मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर जाणार असते. पहिल्या वर्षात शिक्षण सुटतं ते बऱ्याचदा अभ्यासामुळे नाही, राहण्या-खाण्याच्या हालांमुळे.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो सगळ्या वर्षांचा मिळून विचारा. मुंबईत महापालिकेच्या के.ई.एम., सायन आणि नायर या तिन्ही रुग्णालयांत फिजिओथेरपीचं शिक्षण मिळतं, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मिळतं. इथली फी खाजगीच्या मानाने फार कमी, पण जागा थोड्या आणि गुण जास्त लागतात. आपल्याला जवळ पडणारी खाजगी कॉलेजं जळगाव आणि नाशिककडे आहेत. लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठ आहे, आणि अभिमत विद्यापीठाचे फीचे आणि सवलतीचे नियम वेगळे असतात, हे ध्यानात ठेवा.

सवलतींचंही नीट समजून घ्या. अनुसूचित जमातीच्या मुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून मुलीच्या खात्यात पैसे येतात. त्याची चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. इतर मागास वर्ग, आर्थिक दुर्बल घटक, आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत सीईटी सेलच्या प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला तरच मिळते. एजंटच्या ओळखीने व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर मिळत नाही, आणि खाजगी अभिमत विद्यापीठातही मिळत नाही. "सीट पक्की करून देतो" म्हणणारा माणूस तुमची सवलतच घालवतो, हे त्या आईला कुणी सांगत नाही.

आणखी एक कागद, जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातीच्या मुलींचे प्रवेश यापायी अडकतात. वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या नोंदी, हे जमवायला महिने लागतात. अर्ज अकरावीतच करा. निकाल लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.

मैत्रिणींनो, गटाचं कर्ज मुलीच्या शिक्षणासाठी द्यावं की नाही, यावर बैठकीत वाद होतात आणि व्हायलाही हवेत. तो पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. आमचं म्हणणं इतकंच की कर्ज देण्याआधी गटाने हे चार प्रश्न विचारावेत, मुलीला आणि तिच्या आईला बरोबर घेऊन कॉलेज बघावं, आणि कागद तपासूनच ठराव लिहावा. फी माफ होत असेल तर कर्ज फक्त पुस्तकं, प्रवास आणि पहिल्या काही महिन्यांच्या खर्चापुरतं लागतं. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, तेवढी मधली ओढ गटाने काढली तरी एक मुलगी टिकते.

मुलगी शिकायला गेली की घरातली जुनी माणसं म्हणतात, आमचं ज्ञान आता काय कामाचं? त्यांनाही सांगा. फिजिओथेरपीच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात, ती हाडं आणि ते स्नायू सुईणीच्या बोटांना आधीपासून ठाऊक आहेत. मुलगी सुट्टीत घरी आली की दोघींनी शेजारी बसावं. आजीने सांगावं, मी इथे दाबते. नातीने सांगावं, इथे कुठली नस आहे आणि कधी दाबायचं नाही. त्यात दोघींचाही फायदा आहे.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक काम करा. गावातल्या नववी-दहावीच्या मुलींची यादी काढा. कुणाला विज्ञान आवडतं ते विचारा. त्यांच्या घरी जातीचा दाखला आहे का, वैधतेची कागदपत्रं निघतील का, ते पाहा. यादी गटाच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडून बघा.